प्रवरेचे खोरे : पाणी आणि माप

नदीकाठी राहणाऱ्या माणसास आपली नदी पुरती ठाऊक आहे असे वाटते. परंतु पुष्कळदा ही ओळख आपल्या गावच्या घाटापुरती व आपल्या शेताच्या चारीपुरतीच असते. वरच्या गावी तिच्या पाण्याचे काय होते, खालच्या गावी ते किती पोहोचते, आणि आपल्या आजोबांच्या वेळी ह्याच जमिनीत काय पिकत होते, हे विचारणारे थोडे. ह्या पाठात आपण प्रवरा नदीच्या खोऱ्याची माहिती घेऊ. वाचकांपैकी कित्येकांची घरे ह्याच खोऱ्यात आहेत. ज्यांची दुसऱ्या नद्यांच्या काठी आहेत, त्यांनाही हा पाठ उपयोगी पडेल, कारण येथे जे घडले ते दख्खनातील अनेक कालव्यांवर घडले आहे.

जे बंधू हा पाठ संध्याकाळच्या वर्गात शिकवतील त्यांनी अंगणातील धुळीत काठीने पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वाकडी रेघ ओढावी, आणि पुढे जी गावे येतील त्यांच्या जागी एकेक खडा ठेवावा. नकाशाची गरज पडणार नाही.

१. नदीचा मार्ग

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुका आहे. तेथे सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर रतनगड नावाचा किल्ला असून त्याच्या पूर्वेकडील उतारावर प्रवरेचा उगम होतो. त्याच तालुक्यात कळसूबाईचे शिखर आहे. त्याची उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट असून महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही. ह्या रांगेच्या माथ्यावर पडलेल्या पावसाची वाटणी पाहण्यासारखी आहे. पश्चिमेच्या अंगास पडलेले पाणी कड्यावरून कोकणात उतरते व थोड्याच अंतरावर अरबी समुद्रास मिळते. पूर्वेच्या अंगास पडलेले पाणी प्रवरेतून गोदावरीत जाते, आणि सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत प्रवास करते.

उगमापासून खाली येताना प्रथम रतनवाडी लागते. तेथे अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. पुढे भंडारदऱ्याचे धरण, त्यानंतर रंधा येथे खोल दरीत कोसळणारा धबधबा, आणि मग अकोले. संगमनेर येथे डाव्या तीराने म्हाळुंगी नदी येऊन मिळते. त्यापुढे जोर्वे, ओझर, कोल्हार, बेलापूर अशी गावे मागे टाकीत नदी नेवाशाकडे वळते. वाटेत उजव्या तीराने मुळा नदी तिला मिळते. नेवासे तालुक्यात टोके व प्रवरासंगम ह्या गावांजवळ प्रवरा गोदावरीत मिसळते. उगमापासून येथवर तिची लांबी सुमारे २०० किलोमीटर आहे. फार मोठी नदी नव्हे. परंतु एवढ्या अंतरात पावसाचे मान जितके पालटते तितके पालटताना क्वचितच आढळेल.

रतनवाडी व घाटघर येथे काही वर्षी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. संगमनेर, राहुरी, नेवासे ह्या बाजूस तो ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि वाईट वर्षी त्याहून पुष्कळ कमी. ह्याचे कारण सोपे आहे. नैऋत्येचे ओले वारे समुद्रावरून येऊन सह्याद्रीस अडतात व वर चढतात. वर हवा थंड होते व तिच्यातील वाफेचे पाणी होऊन ते तेथेच पडते. डोंगर ओलांडून वारा खाली उतरला म्हणजे तो पुन्हा उष्ण व कोरडा होतो. डोंगराच्या ह्या कोरड्या बाजूस पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. तेव्हा लक्षात ठेवावे की, प्रवरेचे बहुतेक पाणी वरच्या थोड्याशा भागात पडते. खालच्या मोठ्या भागात जमीन आहे, पण पाऊस नाही.

२. जमीन

सगळे खोरे काळ्या कातळाचे आहे. फार प्राचीन काळी पृथ्वीच्या पोटातून निघालेला तप्त रस थरावर थर साचून हा कातळ झाला. तो ऊनपावसाने झिजून त्याची माती होते. वरच्या डोंगरावर ही माती पातळ, तांबूस व दगडगोट्यांची असते. पाऊस तिला खाली वाहून नेतो. नदीच्या मधल्या व खालच्या भागात हीच माती साचून खोल काळी जमीन झालेली आहे.

काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावयास नको. तिच्यात चिकणमातीचा अंश फार असतो. ओली झाली म्हणजे ती फुगते, वाळली म्हणजे तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती पाणी पुष्कळ धरते व हळूहळू सोडते. ह्याच गुणामुळे परतीच्या पावसावर पेरलेली ज्वारी पुढे एक थेंब न मिळताही केवळ ओलीवर पिकते. परंतु पाणी धरून ठेवण्याचा हाच गुण, पाणी अती झाले असता, दोष होऊन बसतो. हे पुढील भागात कामी येईल, म्हणून येथेच मनात ठेवावे.

३. पूर्वीचे लोक

ह्या काठावर माणसे फार पुरातन काळापासून शेती करीत आली आहेत. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. तेथे १९५८ नंतर निरनिराळ्या वेळी उत्खनन झाले, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. मातीची घरे, धान्याचे कोठार, रंगविलेली मडकी ह्यांवरून तेथे स्थायिक शेतकरी राहत होते हे सिद्ध झाले. १९७४ साली तेथेच झाडाचे मूळ खणताना धातूच्या चार मोठ्या ओतीव वस्तू मिळाल्या: रथ हाकणारा मनुष्य, रेडा, गेंडा व हत्ती. ह्या चारींचे मिळून वजन साठ किलोहून अधिक आहे.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले. तेथे सापडलेल्या तांबड्या, काळ्या रेषांनी रंगविलेल्या भांड्यांवरून महाराष्ट्रातील एका सबंध प्राचीन शेतकरी संस्कृतीस 'जोर्वे संस्कृती' असे नाव पडले. प्रवरेकाठच्या एका लहान गावाचे नाव जगातील विद्वानांच्या ग्रंथांत असे जाऊन बसले आहे. नेवासे येथील उत्खननातही त्याच काळातील वस्ती आढळली. घराच्या जमिनीखाली मडक्यात पुरलेली लहान मुले तेथे सापडली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती व तिचा दोरा अंशतः टिकून राहिला होता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईने आपल्या लेकरास रित्या गळ्याने जाऊ दिले नाही, एवढे त्या दोऱ्यावरून आपणांस कळते.

पुढे ह्याच नेवाशात शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवरील आपली मराठी टीका सांगितली. मराठी भाषेच्या इतिहासात प्रवरेचा काठ ह्यामुळे कायमचा नोंदला गेला आहे.

ह्या सर्व काळात खालच्या खोऱ्यातील शेती ओलीवर व विहिरीवर चालत असे. ज्वारी, बाजरी, हरभरा, करडई, जवस ही मुख्य पिके. जेथे विहिरीला पाणी तेथे मोटेने थोडा भाजीपाला, गहू वा ऊस. बैल थकला की मोट थांबे. म्हणून पाण्याला आपोआप माप होते. वरच्या डोंगरांत महादेव कोळी व ठाकर लोक भात, नागली, वरई व खुरासणी पिकवीत, आणि आजही पिकवितात. ह्याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी गावठी बियाणे जपून ठेवण्याचे काम केले व २०२० साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

४. दुष्काळ व धरण

पाऊस थोडा, तोही बेभरवशाचा. म्हणून खालच्या भागात दुष्काळ वारंवार पडे. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे तीन दुष्काळ विशेष दारुण झाले. गुरे मेली, गावे ओस पडली, लोक खडी फोडण्याच्या कामावर गेले. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले होते व पुढे राहुरी, वडाळे ह्या भागांत मंडळ्या झाल्या. त्यांतील जुन्या घराण्यांच्या कथांत ह्या दुष्काळांची आठवण अजून निघते.

नदीचे पाणी पावसाळ्यात वाहून जाते व उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते, हे सर्वांस दिसत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओझर व लाख येथे कालवे काढण्यात आले. परंतु पाणी साठविण्याची सोय वर नसल्यामुळे, नदी आटली की कालवाही आटे. म्हणून जेथे पाऊस पडतो तेथेच तो अडवावा असे ठरले. भंडारदरा येथे १९१० साली कामास आरंभ झाला आणि १९२६ साली ते पुरे झाले. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांनी १९२६ च्या डिसेंबरात ते खुले केले. म्हणून त्यास विल्सन धरण असे नाव मिळाले. १९६९ साली भिंतीस चिरा पडून पाणी झिरपू लागले, तेव्हा पुढे मागील बाजूने टेकू बांधून ती बळकट करण्यात आली.

धरणातील पाणी नदीच्या पात्रातच सोडतात. ते ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून डाव्या आणि उजव्या अशा दोन कालव्यांत वळविले जाते. डावा कालवा अधिक लांब आहे. धरणाने वरच्या दरीतील शेते पाण्याखाली गेली, आणि त्याचे पाणी पुष्कळ खाली असलेल्या शेतांवर पोहोचले. जेथे पाऊस पडतो तेथील लोकांनी जमीन दिली व जेथे पाऊस नाही तेथील लोकांस पाणी मिळाले. हे ऋण खालच्या गावांनी विसरू नये.

५. ऊस

कालवा आला व त्याबरोबर ऊस आला. १९१९ साली स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीने हरेगाव येथे साखरेचा कारखाना काढला. कंपनीच्या उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेण्यात आल्या. त्या पिढ्यानपिढ्या परत आल्या नाहीत. पुढे त्या सरकारी शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकरी शेतकऱ्यांना दीर्घ लढ्यानंतर २०१२ सालापासून त्यांचे वाटप सुरू झाले. करारावर अंगठा उठविण्यापूर्वी तो वाचणारा कोणी घरात असावा, हा धडा ह्या इतिहासात आहे.

दुसरा मार्ग शेतकऱ्यांनी स्वतः काढला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांनी त्या कामास विद्येचे व सल्ल्याचे बळ दिले व ते पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात ह्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना चालू शकतो हे ह्या खोऱ्याने साऱ्या देशास दाखविले. त्यामागून शाळा, दवाखाने, रस्ते आले. श्रीरामपूर हे शहर तर दौंड-मनमाड रेल्वेवरील बेलापूर रोड स्टेशनाभोवती वाढले.

ह्या भरभराटीस कोणी नावे ठेवू नयेत. परंतु तिचा हिशेब मात्र पाहावा. एक अब्ज घनफूट पाणी, ज्याला हल्ली टीएमसी म्हणतात, ते पसरले तर सुमारे २३,००० एकरांवर एक फूट उभे राहील. भंडारदऱ्यात असे सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी मावते. आता आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो, व पाटाने पाणी दिल्यास त्यास पावसाचे धरून सुमारे दहा फूट पाणी लागते. रब्बी ज्वारीस दीड फूट पुरते. म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यात सहा एकर ज्वारी भिजते. ऊस दीड वर्षाचे पीक आहे हे खरे, त्याचा पैसाही अधिक. तथापि एकाच्या उसामुळे कितीजणांची ज्वारी कोरडी राहते, हे ह्या आकड्यांवरून कळावे.

हा प्रश्न जुन्या इंजिनियरांनाही पडला होता. मुंबई इलाख्यात काम करीत असता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यासाठी 'ब्लॉक' पद्धत सुचविली. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांनीच सगळा ऊस लावू नये. पाणी सर्व गावांस ठराविक गटांनी वाटून द्यावे. प्रत्येक गटातील काही भागातच ऊस व उरलेल्यात हलकी पिके घ्यावी, आणि दरवर्षी त्यांची फेरपालट करावी, असा तिचा आशय होता. तीत दोन हेतू होते: शेवटच्या गावापर्यंत पाणी पोहोचावे, आणि कोणत्याही जमिनीस पाण्याचे अजीर्ण होऊ नये.

६. पाण्याने जमीन कशी मरते

अजीर्ण हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. कालवा येऊन काही वर्षे लोटली म्हणजे पुष्कळ ठिकाणी असे दिसून येते की, पूर्वी भरघोस पिकणाऱ्या वावरात सखल जागी पीक पिवळे पडते. मग तेथे पांढरे मीठ फुटते. पुढे तेथे गवतही उगवत नाही. नीरेच्या कालव्यावर हे आधी दिसले व प्रवरेच्या कालव्यांवरही दिसले. अडाणीपणाने काही लोक म्हणतात की जमिनीस दृष्ट लागली. कारण निराळे आहे, व ते कोणासही समजेल असे आहे.

प्रत्येक पाण्यात, ते कितीही गोड लागो, थोडेसे क्षार विरघळलेले असतात. हंड्यात रोज पाणी तापविले तर काही महिन्यांनी तळाशी पांढरा थर बसतो, तो त्यांचाच. शेतास आपण पाणी देतो तेव्हा हे क्षारही देतो. पाणी ऊन्हाने उडून जाते. क्षार मागे राहतात. पाऊस पुरेसा पडला व जमिनीतून निचरा झाला तर ते धुऊन खाली जातात. परंतु काळ्या जमिनीत निचरा मंद. त्यात दर आठ-दहा दिवसांनी पाटाचे भरपूर पाणी. मग खाली मुरलेले पाणी साचत साचत वर येते. विहिरीचे पाणी वर्षभर वर राहू लागले म्हणजे शेतकऱ्यास आनंद होतो. खरे म्हणजे ती धोक्याची खूण असू शकते.

जमिनीखालचे पाणी पाच-सहा फुटांच्या आत आले म्हणजे दुसरा प्रकार सुरू होतो. दिव्याची वात जसे तेल वर ओढते तशी बारीक कणांची माती खालचे पाणी वर ओढते. ते वर येऊन उडून जाते आणि बरोबर आणलेले मीठ पृष्ठभागावर ठेवून जाते. मुळांस हवा मिळत नाही, व मिठामुळे ओल असूनही पिकास पाणी घेता येत नाही. अशी जमीन खारवट झाली म्हणावी. त्यापुढची पायरी चोपण. तीत सोडियमचा अंश मातीस चिकटून बसतो. ओली असता ती चिखलासारखी लिबलिबीत व वाळली असता दगडासारखी होते, पाणी वर तुंबून राहते व आत शिरत नाही. खारवट जमीन सुधारणे कष्टाचे आहे. चोपण जमीन सुधारणे त्याहून कष्टाचे व खर्चाचे आहे. ज्याच्याजवळ दोनच एकर आहेत त्याचा एक एकर असा गेला, तर त्याने मुलांस काय द्यावे?

आणखी एक गोष्ट. वरच्या शेताचा मालक जास्त पाणी देतो, आणि मीठ फुटते ते खालच्या सखल शेतात. दोष एकाचा, व शिक्षा दुसऱ्यास. म्हणून हा केवळ घरगुती प्रश्न नसून साऱ्या गावाचा आहे.

७. उपाय

प्रथम पाहणी करावी. पावसाळ्यानंतर व पुन्हा उन्हाळ्यात, शेताच्या सर्वांत सखल जागी पुरुषभर खोल खड्डा खणावा व दुसऱ्या दिवशी त्यात पाणी किती वर आले ते काठीने मोजून वहीत लिहावे. दरवर्षी असे केल्यास पाणी चढते आहे की उतरते आहे हे मीठ फुटण्यापूर्वीच कळेल.

दुसरे, माती तपासून घ्यावी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांच्या बाजूची माती काढावी; झाडाखालची, बांधावरची व खताच्या ढिगाजवळची घेऊ नये. ती एकत्र करून तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावे, व अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. ती प्रयोगशाळेत पाठवावी. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ ह्याच खोऱ्यात आहे. तेथील सल्ला आपल्या दाराशी असता तो न घेणे हे आपलेच नुकसान होय.

तिसरे, निचरा. जमीन खारवट असो वा चोपण, पाणी बाहेर जाण्यास वाट दिल्यावाचून दुसरा कोणताही उपाय टिकत नाही. उताराच्या दिशेने खोल चर काढून ते ओढ्यास किंवा नाल्यास मिळवावे. एकट्याच्या शेतातील चर शेजाऱ्याच्या बांधापाशी थांबला तर व्यर्थ. म्हणून शेजाऱ्यांनी मिळून तो काढावा. निचरा झाल्यावर खारवट जमिनीत चांगले पाणी भरून मीठ धुऊन काढता येते. चोपण जमिनीस, तपासणीत सांगितलेल्या प्रमाणाने, जिप्सम घालावे लागते. त्यानंतर धैंचा पेरून फुलावर येण्याच्या सुमारास तो जमिनीत गाडावा, शेणखतही द्यावे.

चौथे, आणि सर्वांत स्वस्त, म्हणजे माप. पाळी आली म्हणून दारे उघडून झोपी जाऊ नये. रात्रीच्या पाळीस दारे धरणारा जागा असावा. सरी लहान ठेवावी, एकाआड एक सरी भिजवावी, पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरावे म्हणजे ओल टिकते. ज्यास साधेल त्याने ठिबकाने पाणी द्यावे. उसामागून ऊस न घेता मध्ये हरभऱ्यासारखे पीक घ्यावे. माती दोन बोटे खाली उकरून मुठीत दाबावी. गोळा होत असेल तर पिकास अजून तहान नाही असे समजावे.

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांची स्वतःची जमीन नाही. ते दुसऱ्याच्या शेतावर दारे धरण्याचे काम करितात. त्यांनी असे समजू नये की हा पाठ मालकांसाठी आहे. फावडे ज्याच्या हाती, पाण्याचे माप त्याच्याच हाती. आणि जमीन मेली तर मालकाच्या आधी मजुराचे काम जाते.

८. वरचे व खालचे

आता धुळीतील आपल्या रेघेकडे पुन्हा पाहू. वरच्या टोकाशी अकोल्याचे डोंगर, मध्ये कालव्याची गावे, खालच्या टोकाशी संगम. वाद ह्या तिघांमध्ये आहे.

मधल्या भागातही कालव्यापासून दूर, उंचावरची गावे कोरडीच राहिली. त्यांच्यासाठी प्रवरेवर निळवंडे येथे दुसरे धरण योजिले गेले. ह्या योजनेस १९७० साली मंजुरी मिळाली. डाव्या कालव्यातून पाणी मात्र २०२३ साली सुटले. ज्या शेतकऱ्याने तरुणपणी ही बातमी ऐकली, त्याच्या नातवाने पाणी पाहिले.

संगमाच्या खाली गोदावरीवर पैठण येथे जायकवाडीचे धरण आहे. त्याची कोनशिला १९६५ साली बसविली व १९७६ साली ते पुरे झाले. त्याचा जलाशय नाथसागर म्हणून प्रसिद्ध असून मराठवाड्यातील शेते व शहरे त्यावर अवलंबून आहेत. वरच्या धरणांनी सर्व पाणी अडविले तर खाली काय जाणार, असा प्रश्न उठला. २००५ साली महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला व खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप करावे असे ठरले. त्याप्रमाणे २०१५, २०१८ व २०२३ ह्या टंचाईच्या वर्षी नाशिक व नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्यात आले. वर लोक रागावले; खाली लोक म्हणाले की हे पुरेसे नाही.

ह्या वादात कोण किती खरा, ह्याचा निकाल येथे देता येणार नाही. परंतु एक गोष्ट ह्या पाठावरून स्पष्ट व्हावी. मधल्या शेतात जे पाणी गरजेहून अधिक ओतले गेले, त्याने तीन नुकसाने केली: ते शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्यास मिळाले नाही, संगमाखालच्यास मिळाले नाही, आणि ज्याने ते घेतले त्याचीच जमीन त्याने बिघडविली. पाणी वाचविणे हे शेजाऱ्यावर उपकार करण्याचे काम आहे असे आपण समजतो. काळ्या जमिनीत ते स्वतःचे वावर वाचविण्याचेही काम आहे. दायमाबादच्या शेतकऱ्यांपासून चार हजार वर्षे ही जमीन पिकत आली. तिला कालवा मिळून शंभर वर्षे होत आहेत. पुढच्या शंभर वर्षांनी ती कोणत्या स्थितीत असेल हे पाळीच्या रात्री आपण दारे कशी धरतो ह्यावर पुष्कळ अंशी ठरेल.

उजळणीचे प्रश्न

१. रतनवाडीस पाऊस इतका अधिक व राहुरीस इतका थोडा का पडतो?
२. प्रवरेस मिळणाऱ्या दोन नद्यांची नावे सांगा. त्या कोणत्या तीराने येतात?
३. काळ्या जमिनीचा कोणता गुण ओलीच्या ज्वारीस उपकारक व पाटाच्या उसाखाली अपायकारक होतो?
४. ब्लॉक पद्धतीचे दोन हेतू कोणते होते?
५. खारवट व चोपण ह्या जमिनींत भेद काय? दोहोंस लागणारा समान उपाय कोणता?
६. आपल्या गावातील सर्वांत सखल शेत कोणते, व तेथे खणल्यास पाणी किती खोल लागते? हे पुढील वर्गापूर्वी दोघांनी मोजून आणावे.